ब्रोमीन : उपयोगांच्या यादीला तारखा लावल्या तर

१/
रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक मूलद्रव्याखाली दोन ओळखीची उपशीर्षके असतात : ‘गुणधर्म’ आणि ‘उपयोग’. ब्रोमीनच्या ‘उपयोग’ या शीर्षकाखाली सहसा अशी यादी दिसते : छायाचित्रण, औषधे, इंधन, कीडनाशके, अग्निरोधके. यादी बरोबर आहे. पण तिला तारखा नाहीत. या थ्रेडमध्ये आपण त्या तारखा लावणार आहोत. तारखा लागल्या की लक्षात येते, यातला जवळजवळ प्रत्येक उपयोग एका वर्षी सुरू झाला, भरभराटीला आला आणि पुढे कोणाला तरी तो थांबवावा लागला. तो का थांबवावा लागला, हाच आजचा विषय.
#थ्रेड #इतिहास #विज्ञानाचाइतिहास

२/
आधी गुणधर्म, थोडक्यात. ब्रोमीनचा अणुक्रमांक ३५, अणुभार सुमारे ७९.९. सामान्य तापमानाला द्रवरूप असणारी मूलद्रव्ये दोनच : पारा आणि ब्रोमीन. पारा चंदेरी, तर ब्रोमीन गडद तांबूस-तपकिरी. ते पाण्याच्या तिपटीहून किंचित जड असते, उणे ७.२ अंश सेल्सिअसला गोठते आणि ५८.८ अंशांना उकळते. मात्र वाफ होण्यासाठी ते उकळण्याची वाट पाहत नाही. बाटलीचे बूच काढताच तांबड्या वाफा वर येतात, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. त्वचेवर थेंब पडला तर सावकाश भरून येणारी खोल जखम होते.

३/
आवर्तसारणीत ते क्लोरीन आणि आयोडीन यांच्या मध्ये बसते. बाह्यतम कक्षेत सात इलेक्ट्रॉन असल्यामुळे आठव्याची ओढ मोठी. म्हणून निसर्गात ते सुटे सापडत नाही, ब्रोमाइडच्या रूपातच आढळते. या थ्रेडसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली : क्लोरीनची ओढ ब्रोमीनहून तीव्र आहे, म्हणून ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीन सोडले की ते ब्रोमीनला हुसकावून लावते. दुसरी : कार्बनशी जोडले गेलेले ब्रोमीन क्लोरीनपेक्षा सहज सुटते. पहिल्या गोष्टीवर ब्रोमीनचा सारा उद्योग उभा आहे. दुसरीवर त्याचे बरेच उपयोग आणि बरेच अपाय.

४/
ब्रोमीनचे खरे भांडार म्हणजे समुद्र. एक टन समुद्रजलात ते सुमारे ६५ ग्रॅम असते. पाणी उन्हात आटू लागले की आधी आपले खाण्याचे मीठ स्फटिकरूपाने खाली बसते. ब्रोमाइड मात्र उरलेल्या पाण्यातच साठत जाते. मीठ ओढून घेतल्यावर मागे राहणारे हे पाणी जड आणि कडवट लागते. वसई, भाईंदर, उरण परिसरातली मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मीठ काढण्याची ही रीत परिचित असेल. ब्रोमीनचा इतिहास या उरलेल्या कडू पाण्यात सुरू होतो.

५/
माणसाने ब्रोमीन ओळखले ते एकोणिसाव्या शतकात. वापरले मात्र त्याच्या हजारो वर्षे आधी, नकळत. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील टायर या फिनिशियन नगरातील रंगारी समुद्री गोगलगायींपासून एक जांभळा रंग तयार करीत. तो इतका महाग होता की रोमन साम्राज्यात तो सत्तेचे चिन्ह बनला. १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रीडलेंडर यांनी सुमारे १२,००० गोगलगायींपासून जेमतेम १.४ ग्रॅम शुद्ध रंग मिळवला आणि त्याची रचना उलगडली. तो निघाला आपल्या नीळीचाच भाऊबंद : नीळीच्या रेणूला ब्रोमीनचे दोन अणू जोडलेले. ज्या रंगाने सम्राट ओळखले जात, त्या रंगाच्या रेणूत हे अनोळखी मूलद्रव्य बसलेले होते.

६/
आता शोधाची कथा. काळ १८२५, स्थळ दक्षिण फ्रान्समधील माँपेलिये. आंत्वान जेरोम बालार हा तेवीस वर्षांचा तरुण तेथे प्रयोगशाळेत साहाय्यक होता. त्याच्या आधी, १८११ मध्ये, बेर्नार कुर्त्वा यांना समुद्री वनस्पतींच्या राखेत आयोडीन सापडले होते. आपल्या भागातील खाऱ्या दलदलीतही आयोडीन आहे का, हे बालार तपासत होता. त्यासाठी तो द्रावणात पिष्ठ आणि क्लोरीनचे पाणी घाली. आयोडीन असेल तर निळा रंग उमटे. एकदा त्याला निळ्या थराच्या वर आणखी एक थर दिसला, पिवळा-नारिंगी. मीठ काढून झाल्यावर उरलेल्या पाण्यातही क्लोरीन सोडताच तोच रंग आला.

७/
अशा वेळी सर्वांत सोपे स्पष्टीकरण एकच : क्लोरीन आणि आयोडीन यांचे काहीतरी संयुग झाले असावे. बालारच्याही मनात ते आले. पण तो तेथे थांबला नाही. त्याने तो पदार्थ ईथरच्या साहाय्याने वेगळा केला, ऊर्ध्वपातन करून तांबडा द्रव मिळवला आणि नंतर तो फोडून पाहण्याचा परोपरीने प्रयत्न केला. तो फुटेना. जे फुटत नाही ते मूलद्रव्य, या त्या काळच्या कसोटीवर तो द्रव उतरला. १८२६ मध्ये त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. समुद्राच्या पाण्यातील ‘एक विशेष पदार्थ’ असेच त्याने त्याचे साधेसे वर्णन केले होते.

८/
नावावरूनही एक छोटे नाट्य झाले. बालारच्या लेखात नाव होते ‘म्युरिड’, खारे पाणी या अर्थाच्या ‘मुरिया’ या लॅटिन शब्दावरून. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने दावा तपासण्यासाठी वोकलँ, तेनार आणि गे-ल्युसाक अशा तीन मातब्बरांची समिती नेमली. समितीला शोध पटला, नाव पटले नाही. तिने ‘ब्रोम’ हे नाव सुचवले. मूळ ग्रीक शब्द ‘ब्रोमोस’, अर्थ दुर्गंधी. मूलद्रव्य सापडले प्रांतातल्या एका साहाय्यकाला; बारसे केले राजधानीने. विज्ञानाच्या इतिहासात सत्ताकेंद्रे कशी काम करतात, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

९/
याच सुमारास जर्मनीत कार्ल ल्योविग या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या, म्हणजे बाड क्रॉइत्स्नाखच्या, खनिज झऱ्याच्या पाण्यापासून असाच तांबडा द्रव मिळवला होता. हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक लेओपोल्ड ग्मेलिन यांना त्याने तो दाखवला. ग्मेलिन यांना तो नवा वाटला. आणखी द्रव तयार करून नीट अभ्यास करावा, असे त्यांनी सांगितले. मध्ये परीक्षा आली, सुट्टी आली. तेवढ्यात बालारचा लेख छापून आला. परीक्षेच्या तयारीत एक मूलद्रव्य हातचे गेलेला हा विद्यार्थी पुढे नामांकित प्राध्यापक झाला आणि १८२९ मध्ये त्याने ब्रोमीनवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

१०/
तिसरी हकीकत सर्वांत बोधप्रद. युस्टुस फॉन लीबिग हे त्या शतकातील रसायनशास्त्राचे एक मोठे नाव. त्यांच्याकडे क्रॉइत्स्नाखच्या मिठाच्या कारखान्यातून आलेला एक द्रव बालारच्या घोषणेआधीच होता. त्यांनी घाईने परीक्षण केले, ‘आयोडीन क्लोराइड’ अशी चिठ्ठी बाटलीवर लावली आणि बाटली ठेवून दिली. बालारचा लेख वाचल्यावर त्यांना उमगले की आपल्या फडताळात ब्रोमीन होते. ती बाटली त्यांनी पुढे चुकांची आठवण म्हणून जपून ठेवली, असे सांगतात. द्रव तिघांकडे होता. ‘हे आधीच्या चौकटीत बसते ना, मग झाले’ या समाधानाला नकार दिला तो दोघांनी, आणि वेळेत छापले एकाने.

११/
ब्रोमीनने लगेच एक सैद्धांतिक कामगिरीही बजावली. १८२९ मध्ये योहान डोबेरायनर यांनी दाखवले की क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे ‘त्रिक’ आहे. आजचे आकडे घेऊन पाहा : क्लोरीनचा अणुभार ३५.५, आयोडीनचा १२६.९, सरासरी ८१.२. ब्रोमीनचा अणुभार ७९.९, म्हणजे जवळपास मधोमध. मूलद्रव्यांच्या गुणधर्मांत काही क्रम असावा, ही शंका अशा त्रिकांनी बळावली. मेंडेलेयेव यांची १८६९ ची सारणी ही त्या वाटेवरची पुढची मजल. शालेय पुस्तकातले ‘डोबेरायनरची त्रिके’ हे प्रकरण तीन वर्षांपूर्वी सापडलेल्या मूलद्रव्यावाचून अपुरे राहिले असते.

१२/
पहिली तारीख : १८४०, छायाचित्रण.
१८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर आयोडीनची वाफ देत. प्रतिमा सुंदर येई, पण कित्येक मिनिटे लागत. माणसाचे चित्र काढणे म्हणजे त्याला पुतळा करणे. १८४० च्या अखेरीस लंडनमध्ये जॉन गॉडर्ड यांनी आयोडीनच्या जोडीला ब्रोमीनची वाफ वापरली आणि हा वेळ मिनिटाच्या आत आला. जिवंत चेहरा छायाचित्रात आणणे आता व्यवहार्य झाले. आपल्याला मिळालेल्या १८४० च्या दशकातील कितीतरी व्यक्तिचित्रांमागे त्या दुर्गंधी वाफेचा हात आहे.

१३/
पुढचे पाऊल १८७१ मधले. रिचर्ड लीच मॅडॉक्स हे इंग्रज डॉक्टर. तोवरच्या ओल्या काचेच्या पद्धतीतील ईथरच्या वाफांनी त्यांच्या प्रकृतीला त्रास होई. पर्याय शोधताना त्यांनी जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळून काचेवर थर दिला. प्रकाश पडला की ब्रोमाइडकडून एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो चांदीच्या आयनाला मिळतो आणि चांदीचा अतिसूक्ष्म कण तयार होतो. अशा कणांची अदृश्य नक्षी पुढे रसायनांनी दृश्य करता येते. या शोधातून कोरड्या काचा आल्या, मग गुंडाळता येणारी फिल्म आणि शेवटी चलच्चित्र.

१४/
महाराष्ट्राचा धागा येथे खरोखर जुळतो. १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक छायाचित्रकार. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, तेव्हा पडद्यावर हलणारी प्रत्येक आकृती आधी फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांनी टिपलेली होती आणि त्यांतला मुख्य क्षार होता सिल्व्हर ब्रोमाइड. हा उपयोग कोणी बंदी घालून संपवला नाही. डिजिटल कॅमेऱ्याने तो हळूहळू मागे सारला. यादीतला हा एकच शांत शेवट.

१५/
दुसरी तारीख : ११ मे १८५७, औषध.
लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत अपस्मारावर चर्चा चालू होती. अपस्मार म्हणजे फेफरे. तोवर त्यावर भरवशाचे एकही औषध नव्हते. अध्यक्षस्थानी होते राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक. त्यांनी सांगितले की पाळीच्या काळात झटके येणाऱ्या काही स्त्रियांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि झटके थांबले. अपस्मारावरचे पहिले खऱ्या अर्थाने परिणामकारक औषध अशी त्याची आज नोंद होते.

१६/
पण लोकॉक यांनी हे औषध निवडले कशाच्या आधारे? ब्रोमाइडमुळे पुरुषांची कामशक्ती तात्पुरती मंदावते, असे एक जर्मन निरीक्षण त्यांच्या वाचनात आले होते. आणि स्त्रियांचे हे झटके ‘हिस्टेरिया’तून, म्हणजे कामवासनेच्या क्षोभातून येतात, अशी त्या काळच्या अनेक वैद्यांची समजूत होती. वासना शमली की झटके थांबतील, असा हिशेब. औषध लागू पडले. त्यामागची उपपत्ती मात्र साफ चुकीची होती. ब्रोमाइड मेंदूतील पेशींची उत्तेजना कमी करते, म्हणून झटके थांबतात. पुरुषांचे असोत वा स्त्रियांचे.

१७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. औषध लागू पडले की त्यामागची समजूतही खरी ठरली, असे मानण्याचा मोह मोठा असतो. या प्रसंगात रुग्ण स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो डॉक्टरांच्या यशाचा आकडा. चुकीच्या समजुतीवर यशाचा शिक्का बसला आणि पुढील काही दशके ब्रोमाइड हे ‘शांत करण्याचे’ सर्वसाधारण औषध झाले. झोप येत नाही, जीव घाबरतो, मन अस्वस्थ आहे : घ्या ब्रोमाइड. मनोरुग्णालयांत ते इलाजासाठी दिले जाई, तसेच रुग्णांनी गप्प राहावे म्हणूनही.

१८/
औषधाचा दोषही त्याच्या गुणधर्मातच होता. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि क्लोराइड यांतील फरक फारसा कळत नाही. ते ब्रोमाइडला जपून ठेवते. शरीरातील निम्मे ब्रोमाइड बाहेर पडायलाच सुमारे बारा दिवस लागतात. रोज डोस घेणाऱ्याच्या अंगात ते साठत जाई. मग गुंगी, गोंधळ, भास, अंगावर पुरळ. या विकाराला ‘ब्रोमिझम’ म्हणत. क्रूर विनोद असा की वेडसर लक्षणे दिसली की कित्येकदा आणखी ब्रोमाइड दिले जाई. खरा उतारा होता साधे मीठ : क्लोराइड वाढवले की शरीर ब्रोमाइड सोडून देते. १९१२ नंतर फिनोबार्बिटोन आले आणि ब्रोमाइड मागे पडू लागले. कुत्र्यांच्या अपस्मारावर मात्र पशुवैद्य ते आजही देतात.

१९/
एवढे ब्रोमीन येत होते कोठून? १८६० च्या दशकापासून जर्मनीतील श्टासफुर्टच्या क्षारांच्या खाणींतून. त्या खाणींनी बालार यांचाही एक बेत उधळला : समुद्राच्या उरलेल्या पाण्यापासून पोटॅश आणि इतर क्षार काढण्याची पद्धत त्यांनी कित्येक वर्षे खपून बसवली होती, खाणीतील स्वस्त क्षारांपुढे ती टिकली नाही. पुढे जर्मन उत्पादकांनी संघ करून जगभरचा भाव आपल्या हाती ठेवला. १८९१ मध्ये अमेरिकेतील मिडलंड, मिशिगन येथे हर्बर्ट डाऊ या तरुणाने भूगर्भातील खाऱ्या पाण्यापासून विजेच्या साहाय्याने स्वस्तात ब्रोमीन काढले. डाऊ युरोपात विकू लागले, तेव्हा त्यांना बुडवण्यासाठी जर्मन संघाने अमेरिकेत पडत्या भावाने माल ओतला. डाऊ यांनी तोच माल गुपचूप विकत घेतला आणि नफ्याने युरोपात विकला.

२०/
तिसरी तारीख : ३१ जानेवारी १९१५, युद्ध.
आजच्या पोलंडमधील बोलिमूफ येथे जर्मन सैन्याने रशियन फौजेवर झायलिल ब्रोमाइड भरलेले हजारो तोफगोळे डागले. डोळ्यांना झोंबून शत्रूला हतबल करणारे हे रसायन होते. कडाक्याच्या थंडीत त्याची पुरेशी वाफच झाली नाही आणि हल्ला फसला. त्याआधी, १९१४ मध्येच, फ्रेंचांनीही ब्रोमीनयुक्त अश्रुधूर वापरला होता. पुढे एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे क्लोरीनचा ढग सोडला गेला. रासायनिक युद्धाच्या इतिहासात ब्रोमीन हे असे उंबरठ्यावरचे पान आहे.

२१/
चौथी तारीख : ९ डिसेंबर १९२१, इंधन. माझ्या मते ब्रोमीनच्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण.
मोटारींच्या इंजिनात पेट्रोल अवेळी पेट घेई आणि खडखडाट होई. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, थोडेसे मिसळले की खडखडाट थांबतो. पण नवी अडचण आली. जळल्यानंतर शिसे इंजिनातच साचे, झडपा आणि ठिणगीचे प्लग खराब करी. उपाय म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घालण्यात आले. ब्रोमीन शिशाशी संयोग पावे, तयार झालेले लेड ब्रोमाइड त्या उष्णतेत वाफरूप होई आणि धुराड्यातून बाहेर पडे.

२२/
हे वाक्य पुन्हा वाचा : ‘धुराड्यातून बाहेर पडे’. ब्रोमीनचे काम शिसे नाहीसे करणे नव्हते. ते इंजिनातून उचलून रस्त्यावर नेऊन टाकणे होते. इंजिन निर्मळ राहिले आणि शिसे लोकांच्या फुफ्फुसांत, मुलांच्या रक्तात गेले. शिसे विषारी आहे हे तेव्हा अज्ञात नव्हते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका प्रकल्पात टेट्राएथिल लेड हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, वृत्तपत्रांत गदारोळ झाला, विक्री काही काळ थांबली. १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. यादीत ‘उपयोग : इंधन’ असे लिहिताना तो उपयोग यंत्राला होता, एवढे तरी नोंदवायला हवे.

२३/
या मागणीने ब्रोमीनला पुन्हा समुद्राकडे नेले. विहिरींचे खारे पाणी पुरेना. मग डाऊ आणि एथिल या कंपन्यांनी मिळून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, क्युअर बीच येथे कारखाना उभारला. १९३४ पासून तेथे थेट समुद्रजलापासून ब्रोमीन निघू लागले. हिशेब करा : टनाला ६५ ग्रॅम, म्हणजे एक किलो ब्रोमीनसाठी किमान पंधरा टन समुद्र. अभिक्रिया मात्र बालारचीच, क्लोरीनने ब्रोमीनला हुसकावण्याची. इकडे पॅलेस्टाइनमध्ये मोशे नोवोमेयस्की यांच्या कंपनीने १९३० च्या दशकात मृत समुद्राच्या पाण्यापासून ब्रोमीन काढायला सुरुवात केली. तेथील पाण्यात ते साध्या समुद्राच्या कित्येक पट असते.

२४/
हा उपयोग संपायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये थांबले. तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांचे बालपण या धुरात गेले आहे. इतिहास नेहमी किल्ल्यांवर आणि दफ्तरखान्यांतच सापडतो असे नाही. तो रक्तातल्या शिशाच्या मोजमापातही सापडतो.

२५/
पाचवी तारीख : १९७३, अग्निरोधके.
कार्बनपासून ब्रोमीन सहज सुटते, हे आपण वर पाहिले. प्लास्टिकला आग लागली की त्यातील ब्रोमीन सुटून ज्वालेची साखळी अभिक्रिया तोडते. म्हणून ते उत्तम अग्निरोधक. मिशिगनमधील एकाच कंपनीची दोन उत्पादने होती : ‘फायरमास्टर’ हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक आणि ‘न्यूट्रीमास्टर’ हे गुरांच्या चाऱ्यात घालायचे मॅग्नेशियम ऑक्साइड. १९७३ मध्ये पहिल्याची पोती दुसऱ्याच्या नावावर पशुखाद्याच्या गिरणीत गेली. गाई आटल्या, रोडावल्या, मेल्या. फ्रेडरिक हॅलबर्ट या शेतकऱ्याने खाद्यावर संशय घेतला. तो रासायनिक अभियंता होता म्हणून चिकाटीने चाचण्या करवू शकला. कारण उघड व्हायला १९७४ उजाडले. तोवर दूध, मांस, अंडी राज्यभर खाल्ली गेली होती. सुमारे ३०,००० गुरे आणि १५ लाख कोंबड्या माराव्या लागल्या.

२६/
याच दशकात अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना ‘ट्रिस’ हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक लावले जाई. हेतू चांगला : कपडे पेटून मुले भाजू नयेत. १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी दाखवले की हे रसायन जनुकांत बिघाड घडवते. त्याच वर्षी त्यावर बंदी आली. ब्लम यांचे नाव गिर्यारोहकांना वेगळ्या कारणासाठी माहीत असेल : १९७८ मध्ये अन्नपूर्णा शिखर सर करणाऱ्या महिला मोहिमेच्या त्या नेत्या.

२७/
सहावी तारीख : १९९२, ओझोन.
शेतजमीन आणि धान्यसाठे यांतील कीड मारण्यासाठी मिथिल ब्रोमाइड, आणि विमाने व संगणककक्ष यांतील आग विझवण्यासाठी हॅलॉन : ही दोन्ही ब्रोमीनची संयुगे उंच वातावरणात पोहोचतात. तेथे सुटणारा ब्रोमीनचा एक अणू क्लोरीनच्या अणूच्या कित्येक पट ओझोन नष्ट करतो. हॅलॉनवर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारातच मर्यादा आली. मिथिल ब्रोमाइडचा समावेश १९९२ च्या कोपनहेगन बैठकीत झाला. विकसित देशांना त्याचा वापर थांबवण्यासाठी २००५, विकसनशील देशांना २०१५ अशी मुदत ठरली. निर्यातीच्या मालाचे निर्जंतुकीकरण करण्यापुरती सूट मात्र राहिली.

२८/
मग ब्रोमीन वाईट का? नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की ऊतींना आधार देणाऱ्या पातळ पटलातील कोलॅजेनचे धागे एकमेकांना सांधण्यासाठी ब्रोमाइड लागते. ब्रोमीनविना वाढवलेल्या फळमाश्या जगल्या नाहीत. औषधनिर्मितीत, तेलविहिरींच्या जड द्रावणांत, कोळशाच्या धुरातला पारा पकडण्यासाठी ते आज वापरले जाते. भारतातील ब्रोमीन मुख्यतः गुजरातेतून येते : कच्छच्या रणातील आणि किनाऱ्यावरील मिठाच्या उरलेल्या पाण्यातून. भावनगरला १९५४ मध्ये स्थापन झालेली मीठ व सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था याच पाण्याचा अभ्यास करीत आली आहे.

२९/
आता यादी पुन्हा वाचू, तारखांसह. छायाचित्रण, १८४० पासून. औषध, १८५७ पासून. युद्ध, १९१४ पासून. इंधन, १९२० च्या दशकापासून २०२१ पर्यंत. अग्निरोधके, कीडनाशके : काही बंद, काही चालू. या साऱ्या काळात ब्रोमीनचा एकही गुणधर्म बदललेला नाही. १८२६ मध्ये ते जसे सहज जोडले जाई आणि सहज सुटे, तसेच आजही. बदलली ती माणसांची गरज, आणि त्या गरजेची किंमत कोणी मोजायची याचा निर्णय. लोकॉक यांच्या रुग्ण स्त्रियांना, न्यू जर्सीच्या कामगारांना, मिशिगनच्या शेतकऱ्यांना तो निर्णय घेताना कोणी विचारले नव्हते.

३०/
म्हणून एक सूचना. यापुढे कोणत्याही पदार्थाखाली ‘उपयोग’ हे शीर्षक दिसले तर यादीशेजारी पेन्सिलीने तीन रकाने आखा : कधीपासून, कोणाला, आणि कोणाच्या जिवावर. शिसे, डीडीटी, अॅस्बेस्टॉस, प्लास्टिक, कोणावरही करून पाहा. पहिला रकाना ग्रंथालयात भरता येईल. दुसरा जाहिराती आणि पेटंटे वाचून भरेल. तिसरा सर्वांत अवघड; त्यासाठी रुग्णालयांच्या नोंदी, कामगारांच्या तक्रारी, न्यायालयांतील साक्षी धुंडाळाव्या लागतील. तरुण अभ्यासकांसाठी या तिसऱ्या रकान्यात अजून भरपूर काम शिल्लक आहे.

तुमच्या जिल्ह्यातील मिठागर, रंगशाळा किंवा जुन्या फोटो स्टुडिओविषयी कौटुंबिक कागदपत्रे वा आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा. थ्रेड उपयुक्त वाटला तर पुढे पाठवा. (समाप्त)